पेन्शन परवडते, उधारी परवडत नाही

मार्च २०२३ मध्ये १४ तारखेपासून २० तारखेपर्यंत महाराष्ट्रातले सरकारी आणि निमसरकारी कर्मचारी संपावर होते. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा तेव्हा गावोगावच्या भिंतींवर पोहोचली. त्याच्या तीनच महिने आधी नागपूर अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले होते की जुनी पेन्शन (वर्गणी न भरता शेवटच्या पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन) दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्याचे दिवाळे निघेल. मग संप झाला, समिती बसली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. शेवटच्या पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन वीस महिन्यांपूर्वी परवडत नव्हते, ते आता परवडू लागले. मधल्या काळात हिशेबातला कोणता आकडा बदलला, हे मात्र कोणी सांगितले नाही.

हा हिशेब खरे तर तोंडी करता येतो. गुंतवणुकीवरचा परतावा आणि पगारवाढ (वार्षिक वेतनवाढ, महागाई भत्ता, वेतन आयोग सगळे धरून) यांचा दर सारखाच माना. मग चक्रवाढीचे कोष्टक लागतच नाही. एनपीएसमध्ये (२००५ नंतर लागलेल्यांसाठीची, वर्गणी साठवणारी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना) जातात तसे पगाराच्या २४ टक्के, म्हणजे कर्मचाऱ्याचे १० आणि सरकारचे १४, ३३ वर्षे साठवले तर निवृत्तीच्या दिवशी ३३ गुणिले ०.२४, म्हणजे सुमारे ७.९ वर्षांचा शेवटचा पगार साठलेला असतो. निम्म्या पगाराने तो जवळपास १६ वर्षे पुरतो. राज्यात बहुतेकांची निवृत्ती ५८ व्या वर्षी होते. म्हणजे ७४ व्या वर्षी डबा रिकामा.

आता माणूस ८० पर्यंत जगला आणि त्याच्यामागे पत्नीला पाच वर्षे कुटुंब निवृत्तिवेतन मिळाले असे धरा. २२ वर्षे निम्मा पगार म्हणजे ११ वर्षांचा पगार. पाच वर्षे ३० टक्क्यांनी म्हणजे आणखी दीड. एकूण साडेबारा. त्याला ३३ ने भागले की सुमारे ०.३८ येते. जुन्या पेन्शनची खरी किंमत ही: नोकरीच्या प्रत्येक महिन्याला पगाराच्या ३८ टक्के.

परताव्याने पगारवाढीला एका टक्क्याने मागे टाकले, आणि निवृत्तीनंतरही तो फरक टिकला, तर हीच किंमत साडेअठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास उतरते. केंद्राच्या एकीकृत योजनेत कर्मचाऱ्याचे १० आणि सरकारचे साडेअठरा मिळून नेमके साडेअठ्ठावीसच होतात. म्हणजे योजना हवेत बांधलेली नाही. पण तिचा सगळा डोलारा त्या एका टक्क्यावर, आणि तोही साठ वर्षे न हलणाऱ्या एका टक्क्यावर उभा आहे. शिवाय तिच्यात पूर्ण निवृत्तिवेतनाला ३३ नव्हे, २५ वर्षांची सेवा पुरते. तेहतिसाव्या वर्षी नोकरीला लागून ५८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला तेवढेच निवृत्तिवेतन द्यायचे, तर परतावा चांगला असताना पगाराच्या ३९ टक्के आणि बेताचा असताना ५० टक्के बाजूला ठेवावे लागतात. महाराष्ट्रात खुल्या गटाला ३८ व्या वर्षापर्यंत आणि मागासवर्गीयांना ४३ व्या वर्षापर्यंत सरकारी नोकरीत शिरता येते. भरत्या वर्षानुवर्षे रखडतात, त्यामुळे उशिरा लागणारे पुष्कळ. भरती लांबवून वाचवलेला पगार असा पेन्शनच्या खात्यावर दामदुपटीने वसूल होतो.

'पेन्शन परवडते का' या प्रश्नाला त्यामुळे नुसते हो किंवा नाही असे उत्तर नसते. ३८ टक्के परवडतात का, ते कोण भरणार आणि कधी भरणार, असे विचारावे लागते. जुन्या पेन्शनमध्ये यांपैकी 'कधी'चे उत्तर ठरलेले होते: नंतर. कर्मचारी काहीच भरत नव्हता, सरकारही काही साठवत नव्हते. ज्या वर्षी पेन्शन द्यायची त्या वर्षीच्या करातून ती भागवायची. नोकरीत माणसे जास्त आणि पेन्शनवर कमी, आयुर्मान बेताचे, तोवर हे निभले.

कर्मचारी संघटनांचा सगळ्यात भक्कम मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा यांच्या खटल्याच्या निकालात दिलेला आहे. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या कामाचा तो मागाहून द्यायचा मोबदला आहे. १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन त्यावरूनच. हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि तो मान्य केला की जुन्या पेन्शनची रचनाच अडचणीत येते. मोबदला कामाचा असेल तर तो काम झाले त्या महिन्यातच बाजूला पडला पाहिजे. २०२५ मध्ये शिकवलेल्या वर्गाचा राहिलेला पगार २०५५ मध्ये कमावणाऱ्या कोणा पोरीच्या करातून देणे ही उधारी झाली. ते वचन पाळायचे की मोडायचे, हे २०५५ चे मंत्रिमंडळ ठरवणार.

राजकारण्यांना ही उधारी गोड का लागते तेही पाहू. २०२२ पासून राजस्थान, छत्तीसगड, पंजाब, हिमाचल यांनी जुनी पेन्शन परत आणण्याचे जाहीर केले. तसे केले की पहिल्याच महिन्यात राज्याचा हिस्सा भरायचा थांबतो आणि तिजोरीत पैसे वाचतात. खर्च मात्र वीसेक वर्षांनी येतो. महाराष्ट्रात नोव्हेंबर २००५ मध्ये पंचविसाव्या वर्षी लागलेला कर्मचारी २०३८ मध्ये निवृत्त होणार. ते बिल भरायला आज घोषणा करणारा एकही पुढारी खुर्चीवर नसेल. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या एका अभ्यासात म्हटले आहे की सगळी राज्ये जुन्या पेन्शनकडे वळली तर एकूण बोजा एनपीएसच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो आणि २०६० पर्यंत वाढीव बोजा वर्षाला देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.९ टक्के इतका होऊ शकतो. एनपीएसमध्ये भरलेले पैसे परत मागणाऱ्या राज्यांना निवृत्तिवेतन नियामकाने उत्तर दिले की जमा झालेली रक्कम राज्याला परत देण्याची कायद्यात तरतूदच नाही. ते योग्यच होते. पैसे कर्मचाऱ्याच्या नावावरचे आहेत.

मग एनपीएसवर कर्मचारी एवढे चिडलेले का? शेअर बाजाराची भीती हे वरवरचे कारण आहे. खरी कारणे दोन, आणि दोन्ही सरकारने स्वतः पेरलेली.

पहिले कारण कपातीचे. राज्याने अंशदायी योजना २००५ मध्ये आणली, पण ती केंद्राच्या एनपीएसमध्ये वर्ग व्हायला २०१४ उजाडून गेले. मधल्या वर्षांत डीसीपीएस (राज्याची परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना) नावाच्या खात्यात कोणाची कपात उशिरा सुरू झाली, कोणाचा सरकारी हिस्सा पडला नाही, कोणाला हिशेबाच्या चिठ्ठ्याच मिळाल्या नाहीत. जिल्हा परिषद शिक्षकांची बदली झाली की जुन्या तालुक्याच्या नोंदी नव्या तालुक्याला जुळत नसत. वेतन देयक कार्यालयातून कोषागारात, तिथून नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेकडे, तिथून कर्मचाऱ्याच्या प्रान (कायम निवृत्तिवेतन क्रमांकाच्या) खात्यात, असा हा प्रवास आहे. एका टप्प्यावर नोंद अडकली की पैसा तिथेच पडून राहतो. एवढ्याने काय होते? महिना ३,००० रुपयांची दोन्हीकडची कपात पहिली पाच वर्षे राहून गेली, तर वाटते तोटा १ लाख ८० हजारांचा. नऊ टक्के परताव्याने तीस वर्षांच्या शेवटी हा तोटा सुमारे साडेएकोणीस लाखांचा भरतो. निधीवर चालणाऱ्या योजनेत सुरुवातीची वर्षे सोन्याची असतात, आणि नेमकी तीच वर्षे आपण वाया घालवली.

दुसरे कारण महागाईचे. एनपीएसमध्ये सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी ६० टक्के रक्कम हातात घेता येते आणि किमान ४० टक्क्यांची ॲन्युइटी घ्यावी लागते. बहुतेक ॲन्युइटीत दरमहाचा आकडा आयुष्यभर तोच राहतो. ५८ व्या वर्षी ६,००० रुपये सुरू झाले आणि महागाई सहा टक्क्यांनी वाढत राहिली, तर ७८ व्या वर्षी त्या ६,००० ची किंमत आजच्या १,९०० रुपयांहूनही कमी असते. शेजारच्या टेबलावरचा २००४ मध्ये लागलेला सहकारी मात्र सहा महिन्यांनी महागाई वाढ घेतो, आणि वेतन आयोग आला की त्याचे मूळ निवृत्तिवेतनही वाढते. सातव्या आयोगात ते २.५७ पट झाले. एका वर्षाच्या फरकाने दोन वेगळी म्हातारपणे. हे दुखणे खरे आहे. म्हणून निम्म्या पगाराची हमी आणि महागाई भत्ता देणारी, पण दरमहा रोख निधी भरायला लावणारी एकीकृत योजना ही मला पटणारी तडजोड आहे. अट एकच: सरकारचा वाटा दर महिन्याला खरोखर भरला गेला पाहिजे आणि विमागणिती तपासणीतून (पुढची देणी आजच्या हिशेबात मोजून) निघालेली तूट दरवर्षी अर्थसंकल्पात छापली पाहिजे. हमी द्यायची आणि तूट लपवायची, तर ती जुनीच पेन्शन, नवे नाव लावलेली.

(आमदारांना पन्नास हजारांची पेन्शन पाच वर्षांत, मग आम्हाला का नाही, असे संपात विचारले गेले. तिजोरीच्या हिशेबात ती रक्कम किरकोळ आहे. पण काटकसरीचे प्रवचन देणाऱ्याने आधी स्वतःच्या वाट्याचे १० टक्के कापून द्यावेत, ही अपेक्षा रास्तच.)

इथवरची सगळी चर्चा पगारपत्रकावर असलेल्यांची झाली. संप केला त्यांची संख्या सुमारे १७ लाख. राज्य साडेबारा कोटींचे.

कारखान्यात, सहकारी दूध संघात, साखर कारखान्यात, एसटीत राबलेल्यांना ईपीएस-९५, म्हणजे १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आहे. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के या योजनेत जातात, पण पगार कितीही असला तरी मोजायचा १५,००० पर्यंतच, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. केंद्र १.१६ टक्के घालते. निवृत्तिवेतनाचे सूत्र: सरासरी वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पूर्ण १५,००० वर ३५ वर्षे धरली तरी ७,५०० येतात. प्रत्यक्षात तेवढे क्वचित कोणाला मिळते, कारण २०१४ पूर्वीची मर्यादा ६,५०० ची होती आणि त्या वर्षांची सेवा त्याच दराने मोजली जाते. किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये. महागाई भत्ता शून्य. पाच टक्के महागाई धरली तर ते १,००० आता २०१४ च्या भावात सहाशेपेक्षाही कमी भरतात. बुलढाण्यात या पेन्शनधारकांनी २०१८ च्या डिसेंबरपासून साखळी उपोषण धरले. त्यांच्या वाट्याला भिंतीवरची घोषणा आली नाही, कारण त्यांनी काम बंद केले तर कोणाचेच काही अडत नाही. त्यांचे काम आधीच संपलेले आहे.

या योजनेत मर्यादा १५,००० वर गोठवून ठेवणे हा मूळ दोष आहे. पगार वाढत गेले, भरणा गोठला, आणि मग फंडात तूट आहे म्हणून किमान पेन्शन वाढवता येत नाही असे सांगायचे. मर्यादा दरवर्षी सरासरी पगाराबरोबर आपोआप वर सरकली पाहिजे. मालक ओरडतील. पण आजच्या कामगाराच्या म्हातारपणाचा खर्च मालाच्या किमतीत मोजला जात नसेल, तर तो उद्या तहसील कचेरीच्या पायरीवर येऊन बसतो आणि सगळ्यांच्या करातून भागवावा लागतो.

तहसील कचेरीत काय मिळते ते बघू. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधारांना जुलै २०२३ पासून १,५०० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असेल तर त्यातला एक हिस्सा केंद्राचा: ८० वर्षांखाली २०० रुपये, त्यापुढे ५००. हे २०० रुपये २००७ पासून हलले नाहीत. सहा टक्क्यांच्या महागाईने त्यांची किंमत तेव्हाच्या सुमारे ७० रुपयांवर आली आहे. आणि पात्रतेची अट काय? कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत. महिन्याला १,७५० रुपये, अख्ख्या कुटुंबाचे. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. घरातल्या एकाने ६८ दिवस हमीवर माती उचलली की कागदोपत्री म्हातारी अपात्र. परिणाम असा की तलाठ्यापासून अर्जदारापर्यंत सगळेच २१,००० च्या आतल्या एका सोयीच्या आकड्यावर सही करतात. खोटा दाखला मिळवण्याइतकी ओळख ज्याची, त्याला अनुदान. ज्याची ओळख नाही तो खरा निराधार बाहेर.

आता याच्या शेजारी लाडकी बहीण ठेवा. २१ ते ६५ वयाच्या स्त्रीला तेच १,५०० रुपये, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. म्हणजे ६५ पूर्ण होईपर्यंत ती अडीच लाखांच्या घरातली 'बहीण', आणि ६५ पूर्ण झाले त्या दिवसापासून २१,००० ची परीक्षा देणारी 'निराधार'. हात चालत होते तोवर सरकारने पैसे दिले, हात थकले तसे दाखले मागितले. त्यात वयाचा घोळ. शाळेत गेलेल्या अख्ख्या पिढीचा वाढदिवस आपल्याकडे १ जून, आणि शाळेत न गेलेल्या बायकांच्या आधारवर अंदाजाने टाकलेले साल. त्या सालात चार वर्षांची चूक असेल तर चार वर्षांचे अनुदान बुडते.

निवृत्तीचा पाया करातून आणि त्यावरचा मजला वर्गणीतून, अशी विभागणी मला हवी आहे. पाया म्हणजे ६५ वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्नाचा दाखला न मागता, महागाईशी जोडलेली एक रक्कम. वगळायचे फक्त आयकर भरणारे आणि सरकारी निवृत्तिवेतन घेणारे. या दोन्ही याद्या सरकारकडे तयार आहेत, तलाठ्याची गरज नाही. राज्यात ६५ वरचे ढोबळ एक कोटी धरा, त्यातले वीस टक्के वगळा. उरलेल्या ८० लाखांना महिना ३,००० दिले तर वर्षाला २८,८०० कोटी होतात. लाडक्या बहिणीसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटी धरले होते. पैसे नाहीत ही सबब त्या वर्षापासून संपली.

वरच्या मजल्यासाठी स्वेच्छेच्या वर्गणीवर विसंबण्यात अर्थ नाही. अटल पेन्शन योजनेत १८ व्या वर्षापासून महिना २१० रुपये भरले की साठाव्या वर्षी ५,००० मिळतात. ऐकायला बरे वाटते. पण सहा टक्के महागाईत ४२ वर्षांनंतरच्या ५,००० ची किंमत आजचे सुमारे ४३० रुपये. शिवाय मजुराच्या बँक खात्यात हप्त्याच्या तारखेला शिल्लक नसते, दंड लागतो आणि खाते थंडावते. कमाई अनियमित असलेल्या माणसाकडून नियमित हप्ता मागणे हीच गफलत आहे.

याचे उत्तर महाराष्ट्राने १९६९ मध्येच काढले होते. माथाडी कायद्याने हमालाच्या खिशात हात घातला नाही. मालाची चढउतार करून घेणाऱ्याने मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची, आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), बोनस. मालक रोज बदलला तरी हमालाचे खाते एकच. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेतात, तीच वाट. पण दर तुटपुंजा आहे. एका हंगामात राज्यात हजार लाख टन ऊस गाळला तर कारखान्यांचे १०० कोटी होतात, आणि सुमारे दहा लाख तोडणाऱ्यांमध्ये वाटले तर माणशी वर्षाला १,०००. राज्याने तेवढेच घातले तरी दोन हजार, आणि त्यातूनच वसतिगृहे, विमा, सगळे काही. नुसत्या म्हातारपणासाठी टनामागे आणखी २० रुपये प्रत्येक तोडणाऱ्याच्या स्वतंत्र खात्यात गेले पाहिजेत. मुकादमाच्या खात्यात नव्हे, आणि जोडीत बायकोचे खाते वेगळे. ॲपवर जेवण पोहोचवणाऱ्यांनाही हेच लागू: फेरीमागे लेव्ही, फेरी देणाऱ्या कंपनीकडून.

आणि पायासाठी करातून पैसे काढायचे तर त्याचाही नमुना घरातच आहे. रोजगार हमीसाठी १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या पावतीतून कापलेले पैसे दुष्काळी भागातल्या पाझर तलावावरच्या मजुरीला गेले, आणि जेवढा कर तेवढीच भर राज्याने घातली. त्या तलावांवर तेव्हा माती वाहणारे आज सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांना कुठले निवृत्तिवेतन नाही, कारण हमीच्या हजेरीपटावर भविष्य निर्वाह निधीचा रकाना नव्हता. तो कर अजून कापला जातो: महिना २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. त्याहून अधिक घ्यायला राज्यघटनेचे २७६ वे कलम आडवे येते, आणि तिथली २,५०० ची मर्यादा १९८८ च्या दुरुस्तीतली आहे. सहा टक्क्यांनी ती वाढत गेली असती तर आज साडेएकवीस हजारांच्या घरात असती. ती वाढवायला संसदेत एक दुरुस्ती लागते, आणि तशी मागणी करणारा ठराव विधानसभेत करायला एक दुपार.